डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर

आम्हां मालवणकरांस ज्यांचा अभिमान वाटतो ते डॉक्टर भांडारकर ६ जुलै १८३७ रोजीं येथेंच जन्मले. रत्नागिरी व मुंबई येथें शिकून ते संस्कृताचे अध्यापक झाले. १८७४ सालीं लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेचें निमंत्रण आलें. घरच्या अडचणीमुळें जाणें घडलें नाहीं, तरी नाशिकच्या शिलालेखांवरील निबंध त्यांनीं धाडला. १८८६ सालीं व्हिएन्नाच्या परिषदेस ते स्वतः गेले. युरोपीय पंडितांचीं मतें त्यांनीं डोळे मिटून स्वीकारलीं नाहींत, परकीं म्हणून टाकलींहि नाहींत. पुरावा हाच त्यांचा निकष. पुण्यास १९१७ सालीं त्यांच्या नांवें निघालेल्या संशोधन मंदिरास त्यांनीं आपला ग्रंथसंग्रह दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजीं ते निवर्तले. ज्ञानाच्या पंगतीस परका कोणी नसतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांजपासून शिकावें.