जमीन, पाणी आणि जोतीराव

दरसाल या स्मरणिकेत महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र येते. बहुधा ते भिडेवाड्यातील शाळेपासून निघते व महात्मा या पदवीपाशी थांबते. त्यात वावगे काही नाही. परंतु आपण माळी. वाफा, पाट आणि मोट यांवर पोसलेली आपली कुळे. त्यांनी जोतीरावांचा शेतकरी म्हणूनही परिचय करून घ्यावा, असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे मूळचे गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आजोबा शेटिबा पुण्यास आले. त्यांच्या मुलांची फुले पेशव्यांच्या वाड्यात जाऊ लागली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. फुलांच्या चाकरीबद्दल ३५ एकर जमीन इनाम मिळाली होती. ती थोरल्या चुलत्यांनी आपल्याकडेच ठेविली, असे चरित्रकार सांगतात. (सातबाऱ्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, हे आपल्यांतही नवे नाही.) १८४८ ची मुलींची शाळा व १८७३ चा सत्यशोधक समाज यांविषयी या पानांतून वारंवार लिहिले गेले आहे. १८६८ साली त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य बंधूंस खुला केला, ही गोष्ट मात्र येथे सांगितलीच पाहिजे. पाणी कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी प्रथम आपल्या अंगणात दिले.

उपजीविकेसाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत. खडकवासल्याच्या धरणास त्यांनी माल पुरविला आणि पुढे मांजरीस कालव्याच्या पाण्यावर शेती केली. कालव्याचे पाणी घेण्यास कचरणाऱ्या शेतकऱ्यांस स्वतः पीक काढून दाखविणे, ही त्यांची रीत.

१८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातील जमिनीचा विचार आजही ताजा आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, शेण व कुजलेले सारे पावसाबरोबर खालच्या शेतांत उतरते. हे निसर्गाचे फुकटचे खत होय. जंगलखात्याने रान व गायराने अडविल्यामुळे गुरे घटली आणि शेतेही निकस झाली, असे त्यांनी मांडले. उपाय म्हणून त्यांनी सुचविले, की सरकारने पलटणी व पोलीस यांच्या रिकाम्या वेळात ताली व बंधारे घालावे, म्हणजे पावसाचे पाणी शिवारात मुरून मगच ओढ्यास मिळेल; नद्यातलावांचा गाळ काढून गावांस परत द्यावा; गायराने गावांकडे सोपवावी; आणि रानडुकरांपासून पीक राखण्यास शेतकऱ्यास बंदूक बाळगू द्यावी. शेवटची सूचना वाचून राजुऱ्याकडील कास्तकार हसेल, कारण १९७२ च्या कायद्यापासून मामला निराळा झाला. रात्रीची जागल मात्र सुटली नाही.

धरणांतील गाळ शेतांत नेण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१७ साली काढली. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावास २००९ साली रानावर सामूहिक हक्क मिळाला. एकशेपंचवीस वर्षांहून अधिक काळ या सूचना कागदावरच राहिल्या, याचे आम्हांस वाईट वाटते. आमचा एकच मतभेद आहे. बंधारे सरकारी पलटणीने घालावे, ही कल्पना आम्हांस अपुरी वाटते. ज्या बांधास गावाचा हात लागत नाही, त्याची डागडुजीही गाव करीत नाही. पण त्या काळी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यापाशी हात रिकामे होते कोठे?

१८८८ साली मुंबईस त्यांचा महात्मा म्हणून गौरव झाला. त्याच साली पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले.

आपला राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या मुलखातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. पुढे नांदेडमध्ये व १९५९ पासून चांद्यात आला. आता येथे कोळसा व चुनखडीसाठी जमिनी जातात. त्यावर आपला इलाज थोडा. परंतु आपल्या मंडळाच्या जागेत वडीलधाऱ्यांनी बांधलेली दगडी विहीर आहे. मंगल कार्यालयापुढे गाड्या उभ्या करण्यास ती बुजवावी, असा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. कार्यालयाच्या छपराचे पाणी नळीने त्या विहिरीत सोडावे व गाड्या मागच्या पडीत जागेत लावाव्या, अशी उपसूचना आम्ही लेखी दिली आहे. अनुमोदनासाठी एका सभासदाची सही अद्याप हवी आहे.