डॉ. वसंत रामजी खानोलकर

भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा गौरव केला जातो. त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ साली त्यांनी विकृतिशास्त्रात एम.डी. पदवी मिळविली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट आणि शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोग हा दैवाचा किंवा कुळाचा भोग आहे, असा समज त्या काळी रूढ होता. खानोलकरांनी तो पुराव्याच्या कसोटीवर तपासला. १९४४ साली त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढील वर्षी, सूर्याबाई यांच्या सहकार्याने, त्यांनी सवयींशी निगडित असे तीन कर्करोग दाखवून दिले : कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काचामुळे होणारा, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरल्याने टाळूला होणारा आणि चुनामिश्रित तंबाखूमुळे ओठाच्या आतील बाजूस होणारा. सवय बदलली तर रोग टळू शकतो, हा त्याचा अर्थ होता.

मात्र सारे काही सवयींनी उलगडत नव्हते. मुंबईतील पारशी स्त्रियांत स्तनांचा कर्करोग अधिक आढळे, तर अन्य समाजांत गर्भाशयमुखाचा. या भेदाचे मूळ रक्तात की राहणीत? डॉ. ल. दे. संघवी यांच्यासह खानोलकरांनी सहा अंतर्विवाही समाजगटांतील सात आनुवंशिक लक्षणे तपासली. त्यांत रक्तगटांचा समावेश होता. रक्तगट म्हणजे प्रतिपिंडांना ओळखू येणारी, जनुकांनी ठरविलेली खूण. समाजासमाजांतील आनुवंशिक भेद अशा रीतीने मोजता आला. परंतु विवाहाचे वय, आहार, व्यसने हेही समाजागणिक बदलतात. त्यामुळे जन्मजात खुणेवरून एखाद्याचे भवितव्य ठरविता येत नाही, हे भान या अभ्यासामुळे अधोरेखित होते.

१९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक-संचालक होते. डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. पूर्ण केली होती. कुष्ठरोगात मज्जातंतूंवर होणाऱ्या परिणामांचाही खानोलकरांनी अभ्यास केला. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण किताबाने त्यांचा सन्मान झाला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज गाठीतील प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुके किती सक्रिय आहेत, हे मोजून रोगाच्या वाटचालीचा अंदाज बांधला जातो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गाठीत लसिकापेशींची दाटी असल्यास रुग्णाचे भवितव्य सामान्यतः अधिक आशादायक असते. हिंजवडीत दिवसभर संगणकावर विदा हाताळणाऱ्या विद्यार्थ्यालाही या शोधामागील तत्त्व परिचित वाटेल : आकड्यांतील संबंध हे कारण असेलच असे नाही. जैवदर्शक ही खूण असते, निवाडा नव्हे. खानोलकरांच्या कार्याचे आजचे मोल या विवेकात आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. सवयींशी निगडित तीन कर्करोगांच्या शोधाचे सामाजिक महत्त्व स्पष्ट करा.
२. ‘खूण’ आणि ‘कारण’ यांतील भेद खानोलकरांच्या कार्याच्या आधारे विशद करा.