विश्लेषण : गोंडी-माडियाला नकाशावर आणणारे ग्रियर्सन कोण होते? बोलीची नोंद कशी झाली आणि काय राहून गेले?

भामरागड, एटापल्ली किंवा धानोरा तालुक्यातील सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात येते, तेव्हा त्याला उत्तम बोलता येत असते. ते गोष्ट सांगते, भांडते, हट्ट करते. मात्र हे सारे माडिया किंवा गोंडीत. समोरचे पुस्तक आणि बहुतेक वेळा गुरुजीही मराठी बोलतात. आज चंद्रपूर आणि गडचिरोलीत विभागलेल्या जुन्या चांदा जिल्ह्यातील या बोली शंभर वर्षांपूर्वीच एका प्रचंड सरकारी प्रकल्पात नोंदवल्या गेल्या होत्या. त्या प्रकल्पामागील व्यक्ती म्हणजे सर जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन.

ग्रियर्सन कोण होते?

ग्रियर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी आयर्लंडमधील डब्लिनजवळ झाला. घराण्याचा व्यवसाय छपाईचा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते गणिताचे विद्यार्थी होते, पण तिथेच त्यांना संस्कृत आणि हिंदुस्थानीची गोडी लागली. भारतीय सनदी सेवेत निवड होऊन १८७३ मध्ये ते भारतात आले आणि त्यांची नेमणूक तेव्हाच्या बंगाल प्रांतातील बिहार भागात झाली. कचेरीतील भाषा आणि शेतकऱ्याच्या तोंडची भाषा यांत किती अंतर आहे, हे त्यांना तिथे कळले. बिहारी बोलींची सात व्याकरणे त्यांनी लिहिली. १८८५ मध्ये त्यांनी बिहारच्या ग्रामजीवनावर मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात नांगर, गाडी, चूल, दागिने अशा वस्तूंची गावात वापरली जाणारी नावे नोंदवलेली आहेत. प्रशासकाला लोकांची बोली समजली पाहिजे, ही त्यांची धारणा होती. महसूल आणि न्यायदानासाठी सरकारलाही ते ज्ञान हवेच होते.

भाषिक सर्वेक्षणाची कल्पना कशी पुढे आली?

१८८६ मध्ये व्हिएन्ना येथे प्राच्यविद्या अभ्यासकांची परिषद झाली. भारतातील भाषांचे पद्धतशीर सर्वेक्षण करावे, असा आग्रह ग्रियर्सन यांनी तिथे धरला. सरकारची मंजुरी मिळण्यास १८९४ साल उजाडले. १८९८ मध्ये ते या कामाचे अधीक्षक झाले. नोकरीतून १९०३ मध्ये निवृत्त झाल्यावरही इंग्लंडमधील कॅम्बरली येथील घरातून त्यांनी हे काम सुरूच ठेवले. १९०३ ते १९२८ या काळात त्याचे ११ खंड १९ भागांत प्रसिद्ध झाले. त्यात १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद आहे.

बोलीचा नमुना कसा घेतला जाई?

ग्रियर्सन गावोगाव हिंडले नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांकडे सूचना जात आणि तेथून नमुने येत. प्रत्येक बोलीसाठी तीन गोष्टी मागवल्या जात. पहिली, बायबलमधील उधळ्या मुलाच्या कथेचे भाषांतर. या छोट्या कथेत तिन्ही पुरुष, निरनिराळे काळ आणि संवाद येत असल्याने व्याकरणाचा बराच भाग हाती लागे. दुसरी, स्थानिक लोककथा, गाणे किंवा एखादे निवेदन. तिसरी, २४१ शब्द आणि वाक्यांची ठरलेली यादी. सर्वत्र एकच कथा आणि एकच यादी असल्यामुळे एक बोली दुसऱ्या बोलीशी ताडून पाहता येई. १९१३ नंतर अनेक भाषांच्या ध्वनिमुद्रिकाही तयार करण्यात आल्या. त्यातील कित्येक आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहामुळे ऐकता येतात.

चांद्याच्या बोलींबद्दल काय समजले?

या भागातील बोलींकडे अभ्यासकांचे लक्ष आधीच गेले होते. रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ मध्ये गोंडीचा द्राविडी भाषाकुळात समावेश केला होता. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेले गोंडी शब्द आणि लिंगोची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापली गेली. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाचा मुंडा आणि द्राविडी भाषांचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. त्याची मांडणी नॉर्वेचे अभ्यासक स्टेन कोनो यांनी केली. गोंडी, तिची माडिया बोली, कोलामी आणि नैकी या खंडात आहेत. जंगलातील या बोली म्हणजे बिघडलेली मराठी किंवा तेलुगू नव्हे, त्यांना स्वतःचे व्याकरण आहे, हे त्यातून दिसले. नैकीची एक बोली तर आजही भाषाशास्त्रात चांद्याच्याच नावाने ओळखली जाते. हलबीची नोंद मात्र मराठीच्या सातव्या खंडात झाली.

व्याकरण वेगळे म्हणजे नेमके काय?

एकच उदाहरण पाहू. मराठीत पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. गोंडीत दोनच गट पडतात. एका गटात पुरुष येतात, तर स्त्रिया, प्राणी आणि वस्तू दुसऱ्या गटात जातात. त्यामुळे आई आली काय किंवा गाय आली काय, गोंडीत क्रियापदाचे रूप एकच राहते. हा नियम त्या मुलाला कोणी शिकवलेला नसतो. घरातले बोलणे ऐकत, बोलत आणि चुकत त्याने तो स्वतः पकडलेला असतो. असे मूल मराठीत लिंग चुकते, तेव्हा ते मंद नसते. त्याच्या डोक्यात आधीच एक पूर्ण व्याकरण असते, हे शिक्षकाला ठाऊक असणे गरजेचे आहे.

सर्वेक्षणात काय राहून गेले?

मद्रास प्रांत आणि हैदराबाद संस्थान प्रत्यक्ष सर्वेक्षणाबाहेर होते. प्राणहितेच्या अलीकडे चांदा, पलीकडे निजामाचा मुलुख. गोंडी दोन्ही काठांवर बोलली जाई, पण सर्वेक्षणाची यंत्रणा नदीपाशी थांबली. नमुने गोळा करणारे बहुधा अधिकारी किंवा मिशनरी असत आणि सांगणारे प्रौढ. भाषांतरित कथा हे रोजचे बोलणे नव्हे, हाही आक्षेप रास्त आहे. भाषा कोणती आणि बोली कोणती, याचे वाद तर अजून संपलेले नाहीत. कोकणीला मराठीच्या खंडात टाकल्यावरून आणि माडियाला गोंडीची बोली म्हटल्यावरून आजही मतभेद आहेत.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे या खंडांत मुले नाहीत. चौथा खंड निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, जर्मनीत क्लारा आणि विल्यम स्टर्न या दाम्पत्याने आपल्या तीन मुलांच्या बोलण्याच्या रोजनिश्यांवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. मूल भाषा कशी शिकते, या अभ्यासाचा तो पायाभूत ग्रंथ मानला जातो. पुढे रोजनिशीच्या जागी ध्वनिमुद्रण आले. ठरावीक दिवसांनी घरी जाऊन मुलाचे मोठ्यांशी चाललेले बोलणे टिपायचे आणि ते शब्दन् शब्द उतरवून काढायचे, अशी ही पद्धत आहे. प्रौढाकडून घेतलेला नमुना भाषा कशी आहे ते सांगतो. ती पुढच्या पिढीत उतरते आहे का, हे मुलांच्या बोलण्यातूनच कळते.

आज याचे महत्त्व काय?

ग्रियर्सन यांना १९१२ मध्ये सर हा किताब आणि १९२८ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटनचा मोठा सन्मान मिळाला. ९ मार्च १९४१ रोजी कॅम्बरली येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले. त्यात ७८० भाषांची नोंद झाली.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी मातृभाषा असलेले सुमारे २९ लाख ८४ हजार लोक आहेत. तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे घटनेचा अनुच्छेद ३५०क सांगतो. शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तिथे तसे करावे, अशी तरतूद आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती याच गरजेतून. ग्रियर्सन यांच्या खंडांत या बोली कागदावर सुरक्षित आहेत. गडचिरोलीच्या पुढच्या पिढीच्या तोंडी त्या राहतील की नाही, हे मात्र घरातले बोलणे आणि पहिलीचा वर्ग ठरवणार आहे.