नळी किती लांब असावी?

जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली तोड्याची बंदूक पुष्कळांनी पाहिलेली असेल. लहान मुलाच्या डोळ्यांत प्रथम भरते ती तिची लांबलचक नळी. मुलाने विचारले, की घरातले वडीलधारे ठरलेले उत्तर देतात : नळी जितकी लांब, तितका मार लांबचा. हा समज काही आपल्याकडचाच नव्हे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही तो पक्का होता. तो ढिला करण्यात ज्यांच्या हातांनी मोठे काम केले, त्यांपैकी एक म्हणजे लंडनचा जोसेफ मँटन. बंदुकांच्या जाणकारांत त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते.

मँटनचा जन्म १७६६ चा, लिंकनशायरमधल्या ग्रँथम गावचा. थोरला भाऊ जॉन आधीच लंडनला जाऊन नामांकित बंदूकवाला झाला होता. जोसेफने १७८९ च्या सुमारास बर्कले चौकाजवळच्या डेव्हिस स्ट्रीटवर आपले दुकान थाटले. पुढे त्याच्या नेमबाजीच्या दालनात कवी बायरनसारखी मंडळी हात साफ करायला येत.

लांब नळीमागे निव्वळ खुळी समजूत होती असे मात्र नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे तोंडातून गजाने ठासायचे. चकमकीची ठिणगी रंजकीवर पडायची आणि तिची ज्योत बाजूच्या कानातून आत शिरायची. दारू एका कडेने पेट घेई आणि रेंगाळत जळे. नळी आखूड असली तर छर्रे बाहेर पडले तरी दारूचा काही भाग जळायचा राहून जाई. म्हणून चाळीस इंचांची, म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडी अधिक लांबीची नळी लागे. अशा दोन नळ्या शेजारी शेजारी जोडल्या तर बंदूक तोंडाकडे इतकी जड होई, की उडत्या पक्ष्यामागे ती फिरवणे कठीण.

१७८७ साली हेन्री नॉक या लंडनच्याच कारागिराने यावर तोड काढली आणि तिचे पेटंट घेतले. त्याने नळीच्या बुडाशी मुख्य दारूच्या मागे एक लहानशी कोठडी केली. आधी तिच्यातली दारू पेटे आणि तिची ज्योत मुख्य दारूच्या मध्यावर आदळे. सगळी दारू झपाट्याने जळू लागली, आणि तीस-बत्तीस इंचांच्या नळीला पूर्वीच्या चाळीस इंचांचे काम जमू लागले. शोध नॉकचा, पण त्यातून जी सुबक, हलकी दुनळी बंदूक घडली, तिला पूर्णत्वाला नेणाऱ्यांत मँटनचे नाव फार वरचे.

नळी कमी करायची म्हणजे करवत चालवली आणि झाले, इतके ते सोपे नव्हते. फार आखूड केली तर पुढचे वजन जाते, बंदूक हातात उडते, पक्ष्याचा वेध घेताना मध्येच थबकते. छर्रे भलतीकडे जातात आणि पाखरू मरत नाही, जखमी होऊन झुडपात तडफडत राहते. दुनळ्या बंदुकांचा मार नेमापेक्षा खाली जाण्याची खोडही होती. मँटनने १८०६ मध्ये दोन नळ्यांमधली पट्टी बुडाकडे उंच करण्याचे पेटंट घेतले. त्यामुळे डोळा आपोआप योग्य रेषेत येऊ लागला. दुनळी ठासताना दुसरी नळी भरलेली असे आणि माणसाचा हात नेमका तिच्या तोंडाशी. त्यासाठी बंदूक उभी धरताच चाप अडवणारी, स्वतःच्या वजनाने पडणारी खीळही त्याने काढली.

तरी एकच माप सर्वांना लागू नव्हते. शेतातून चालत तितर उठवणाऱ्याला तीस इंचांची नळी पुरे. खाडीत बदकांवर दूरवरून मारा करणाऱ्याला दारू भरपूर घालावी लागे, म्हणून नळीही लांब आणि बंदूकही वजनदार हवी. मँटनचा भक्त गिऱ्हाईक कर्नल पीटर हॉकर या दोन्ही प्रकारांत मुरलेला होता. १८०९ च्या तालावेराच्या लढाईत जबर जखमी होऊन परतलेल्या या शिकाऱ्याने १८१४ मध्ये नवशिक्यांसाठी ग्रंथ लिहिला, तो पुढे अनेक आवृत्त्यांतून गाजला.

माल असा, गिऱ्हाईक असे, आणि तरीही १८२६ मध्ये मँटनचे दिवाळे निघाले. बँकेच्या कर्जखात्यात अशी प्रकरणे माझ्या टेबलावर येत : मालाबद्दल कुणाची तक्रार नाही, आणि खाते मात्र बुडीत. अशा वेळी मी आधी कारखान्याबाहेरचा खर्च पाहत असे. मँटनचा तो खर्च प्रयोगांवर आणि कोर्टकचेरीवर होता. पेटंटांसाठी तो सख्ख्या भावाशीही भांडला. फॉरसाइथ या पाद्र्याने ठिणगीऐवजी स्फोटक मसाल्याने बार उडवण्याचे १८०७ साली पेटंट घेतले होते. त्यावरून झालेल्या दाव्यात मँटन हरला. त्यातच १८२५ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या अनेक बँका धडाधड कोसळल्या. ज्याची गंगाजळी आधीच आटलेली, त्याला सावरायला असा काळ वाईट.

मँटनच्या हाताखाली काम केलेला जेम्स पर्डी त्याच वर्षी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मँटनच्या जागेत गेला आणि पुढे त्याची पेढी जगप्रसिद्ध झाली. १८२५ च्या सुमारास फ्रेडरिक मँटनने कलकत्त्यात दुकान काढल्यामुळे घराण्याचे नाव हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांच्याही तोंडी बसले. आता आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातलेली आहे, आणि ती योग्यच आहे.

जोसेफ मँटन १८३५ मध्ये गेला. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्यावरचा मजकूर कुणा नातलगाने लिहिलेला नाही. तो लिहिला कर्नल हॉकरने. दिवाळे निघालेल्या दुकानदारासाठी त्याच्या गिऱ्हाईकाने हे काम अंगावर घ्यावे, असे माझ्या नोकरीत मी तरी पाहिले नाही.