दाखल्यामागचा पशुवैद्य : डॅनियल सॅमन

अन्नातून होणाऱ्या विषबाधेच्या बातम्यांमुळे साल्मोनेला हे नाव सर्वपरिचित झाले आहे. ज्यांच्या आडनावावरून ते पडले, त्या डॅनियल एल्मर सॅमन यांची उमेदीची वर्षे मात्र वेगळ्याच कामी खर्ची पडली. देशाबाहेर जाणारे जनावर निरोगी असल्याच्या सरकारी दाखल्यावर परक्या देशाने विश्वास ठेवावा, यासाठी ते झटले.

न्यू जर्सीतील माउंट ऑलिव्ह येथे २३ जुलै १८५० रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने ते नातलगांकडे वाढले. १८६८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीत त्यांना प्रवेश मिळाला आणि जेम्स लॉ यांच्यासारखा गुरू लाभला. काही काळ त्यांनी पॅरिसजवळच्या आल्फोर येथेही अध्ययन केले. पशुवैद्यकातील डॉक्टरची पदवी अमेरिकेत प्रथम देण्यात आली ती १८७६ मध्ये, सॅमन यांनाच.

त्या काळी अमेरिकेतून जिवंत गुरे मोठ्या प्रमाणावर ब्रिटनला जात. परंतु अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत गुरांच्या फुफ्फुसांचा एक सांसर्गिक रोग ठाण मांडून होता. १८७९ मध्ये ब्रिटनने अट घातली, की अमेरिकी गुरे ज्या बंदरावर उतरतील तेथेच दहा दिवसांत कापली जावीत. आतल्या बाजारात नेऊन, चारून पुष्ट करून विकण्याची वाट बंद झाली आणि साहजिकच भाव उतरला. गंमत अशी, की हा रोग ब्रुकलिनमध्ये शिरला होता तो १८४३ साली एका इंग्लिश जहाजावरून विकत घेतलेल्या गायीबरोबर!

या पेचातून १८८४ मध्ये अमेरिकी कृषी खात्यात पशुसंवर्धनाचा स्वतंत्र विभाग, ब्युरो ऑफ ॲनिमल इंडस्ट्री, स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख सॅमन. रोग घरात असताना दाखल्याला अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले होते. बाधित गोठे हुडकणे, गुरांची ने-आण रोखणे, मालकाला मोबदला देऊन रोगी व त्यांच्या संपर्कातील जनावरे मारणे, गोठे निर्जंतुक करणे, असा त्यांचा कठोर कार्यक्रम होता. सुमारे १५ लाख डॉलर खर्चून रोगाचे उच्चाटन झाले आणि २६ सप्टेंबर १८९२ रोजी तशी अधिकृत घोषणा झाली. पशुवैद्यकाच्या इतिहासात या मोहिमेला तोड क्वचितच सापडेल.

तत्पूर्वी १८९१ च्या कायद्याने निर्यातीची गुरे तपासणे सक्तीचे झाले होते. ती निरोगी असल्याचा तपासनिसाचा दाखला नसेल, तर जहाजाला बंदर सोडण्याची परवानगी मिळत नसे. इतकेच नव्हे, तर अमेरिकेने आपले पशुवैद्य ब्रिटिश बंदरांवरही नेमले. तरीही ब्रिटन बधले नाही. १८९६ मध्ये तेथील संसदेने बंदरावरच कत्तलीची अट कायम करून टाकली. रोग हे निमित्त असून स्थानिक पशुपालकांचे हित हे खरे कारण आहे, अशी अमेरिकेत बोलवा होती, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

जिवाणूच्या नावाची कथाही अशीच तिरकी आहे. सॅमन यांच्या हाताखालील थिओबाल्ड स्मिथ यांनी तो १८८५ मध्ये डुकरांत शोधला. डुकरांच्या हॉग कॉलरा या रोगाचे ते कारण असल्याचा समज पुढे खोटा ठरला. तो रोग विषाणूजन्य निघाला. पण १९०० मध्ये दिले गेलेले नाव टिकले, तेही शोधकर्त्याचे नव्हे, वरिष्ठांचे.

इतरांच्या सहीला पत मिळवून देणाऱ्या या अधिकाऱ्यावर अखेर स्वतःच्या सचोटीविषयी खुलासा करण्याची पाळी आली. मांसतपासणीची लेबले सरकारला पुरवणाऱ्या छापखान्याशी त्यांची पूर्वी भागीदारी होती. खात्याच्या चौकशीत ते निर्दोष ठरले, तरी १९०५ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. नंतर उरुग्वेतील माँटेव्हिडिओ येथे त्यांनी पशुवैद्यक विद्यालय उभारले. मायदेशी परतल्यावर मोंटाना राज्यातील ब्युट येथे हॉग कॉलराची लस तयार करणाऱ्या कारखान्याची व्यवस्था ते पाहू लागले. तेथेच ३० ऑगस्ट १९१४ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.