लॉरेन्स ऑफ अरेबिया, त्याची ब्रफ सुपीरियर आणि तुमच्या डोक्यावरचं हेल्मेट

आपण इथे नेहमी फोन, अ‍ॅप, चिपसेट यांच्यावर बोलतो. आज एका माणसाबद्दल आणि एका अगदी साध्या दिसणाऱ्या गॅजेटबद्दल लिहितोय. गॅजेट म्हणजे हेल्मेट. माणूस म्हणजे टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखतं. १९६२ चा डेव्हिड लीनचा सिनेमा पाहिला असेल तर आठवेल, सुरुवातच मोटरसायकलच्या अपघाताने होते. (त्यात आपले आय. एस. जोहरही आहेत, गासिमच्या भूमिकेत.) बहुतेक लोक तो सीन विसरतात आणि वाळवंट लक्षात ठेवतात. मला उलट वाटतं. आपल्या रोजच्या आयुष्याशी संबंध आहे तो त्या पहिल्या काही मिनिटांचा.

लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ ला वेल्समधल्या ट्रेमाडॉगचा. शिक्षण ऑक्सफर्डला. कॉलेजात असताना क्रुसेडच्या काळातले किल्ले बघायला हा पठ्ठ्या १९०९ मध्ये सिरियात पायी फिरला. पुढे कार्केमिशला उत्खननाचं काम केलं, अरबी शिकला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांना कैरोत असाच माणूस हवा होता. तुर्कांविरुद्धच्या अरब उठावात तो उतरला, जुलै १९१७ मध्ये अकाबा घेतलं गेलं आणि युद्धानंतर त्याचं नाव घरोघरी पोचलं. हा भाग गुगलवर भरपूर सापडेल, म्हणून मी पुढे जातो.

खरी गंमत नंतर आहे. इतकी प्रसिद्धी मिळाल्यावर या माणसाने काय केलं? १९२२ मध्ये जॉन ह्यूम रॉस असं खोटं नाव घेऊन रॉयल एअर फोर्समध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. पेपरवाल्यांनी ते फोडलं, मग टी. ई. शॉ या नावाने रणगाडा दलात गेला, १९२५ मध्ये परत हवाई दलात. पुढे त्याला कराचीला पाठवलं, नंतर वायव्य सरहद्दीवर मीरानशाहला. तिथे तो कारकुनी कामं करत होता, पण अफगाणिस्तानातल्या बंडामागे त्याचाच हात आहे अशा बातम्या छापून आल्या. शेवटी जानेवारी १९२९ मध्ये मुंबईहून राजपुताना नावाच्या बोटीने त्याला परत पाठवलं. व्हॉट्सअ‍ॅप नसतानाही फॉरवर्ड पसरायचेच!

वेगाचं वेड आणि जीव वाचवणाऱ्या बोटी

या सगळ्या काळात एक गोष्ट कायम राहिली, ती म्हणजे ब्रफ सुपीरियर. नॉटिंगहॅमला जॉर्ज ब्रफ ही मोटरसायकल बनवायचा. लॉरेन्सने १९२२ पासून एकामागून एक अशा सात घेतल्या आणि आठवी ऑर्डर केलेली होती. सातवी १९३२ ची एसएस१००, नंबर जीडब्ल्यू २२७५. साधारण १००० सीसीचं व्ही-ट्विन इंजिन आणि ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर वेगाची हमी. एबीएस, डिस्क ब्रेक असलं काही नव्हतं. क्रॅनवेलला असताना त्याने विमानाशी शर्यत लावल्याचं स्वतःच्या 'द मिंट' या पुस्तकात लिहून ठेवलंय.

पण त्याला फक्त वेगाची नशा होती असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्लीमथजवळ समुद्रात एक विमान कोसळलं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर त्याने वेगवान बचाव बोटींचा पाठपुरावा केला. साउदॅम्प्टनजवळ हाइथला त्या बोटींच्या चाचण्या घेतल्या, त्या कशा चालवायच्या याचं मॅन्युअल लिहिलं. म्हणजे दुसऱ्यांचा जीव वाचवणारं इंजिनिअरिंग त्याला कळत होतं. मोटरसायकलवर मात्र डोकं उघडंच.

१३ मे १९३५

फेब्रुवारी १९३५ मध्ये तो निवृत्त झाला आणि डॉर्सेटमधल्या क्लाउड्स हिल या छोट्या घरात राहायला आला. १३ मे ला बोव्हिंग्टन छावणीच्या पोस्टातून तार करून तो घरी परतत होता. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर. ओळखीचा, रोजचा रस्ता. पण त्या रस्त्यावर चढउतार होते आणि उताराच्या खोलगट भागात पुढचं काही दिसत नसे. तिथेच सायकलवरची दोन मुलं होती. त्यांना चुकवताना एका सायकलला धक्का लागला, तोल गेला आणि लॉरेन्स हँडलवरून पुढे फेकला गेला. एका साक्षीदाराने समोरून काळी गाडी आल्याचं सांगितलं, मुलांनी तशी गाडी पाहिली नव्हती. त्यावरून आजही कटाच्या थिअरी चालतात. माझ्या मते थिअरीची गरजच नाही, खोलगट रस्ता आणि न दिसणाऱ्या सायकली एवढं पुरेसं आहे.

थोडं गणित करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर असेच गेले. नोटिफिकेशन बघायला ३ सेकंद नजर मोबाइल होल्डरकडे गेली, तर आणखी ५० मीटर. लॉरेन्सला खोलगट भागामुळे दिसलं नाही. आपण तो खोलगट भाग स्क्रीनच्या रूपात सोबत घेऊन फिरतो. मी स्वतः निघण्याआधी मॅप लावतो, आवाज इअरफोनऐवजी स्पीकरवर ठेवतो आणि डू नॉट डिस्टर्ब चालू करतो. आयफोनवाल्यांना ड्रायव्हिंग फोकस आहे.

डॉक्टर केर्न्स

लॉरेन्स सहा दिवस बेशुद्ध होता. १९ मे ला वयाच्या ४६ व्या वर्षी गेला. मोरटनला झालेल्या अंत्यविधीला चर्चिल आले होते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले मेंदूचे सर्जन होते. पुढे महायुद्ध सुरू झालं, ब्लॅकआउटच्या अंधारात लष्कराचे निरोपे मोटरसायकलवरून धावू लागले. केर्न्स यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध छापला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसलेले रस्त्यावर मेले होते. हेल्मेट घालून अपघात झालेले त्यांना फक्त सात जण सापडले, आणि सातही जगले होते. सात हा आकडा लहान आहे, डेटावाल्यांच्या भुवया उंचावतील. पण नोव्हेंबर १९४१ मध्ये लष्कराने ड्युटीवर हेल्मेट सक्तीचं केलं, आणि १९४६ च्या निबंधात केर्न्स यांनी नंतरच्या महिन्यांचे मृत्यूचे घटलेले आकडेच मांडले.

हेल्मेट नेमकं करतं काय? डोकं दीड मीटरवरून नुसतं खाली पडलं तरी जमिनीवर ताशी २० किलोमीटरने आदळतं, गाडीचा वेग कितीही असो. ते ३ मिलिमीटरमध्ये थांबलं तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट. आतला थर्माकोलसारखा थर चेपत ३० मिलिमीटरमध्ये थांबलं तर ५० पट. बास, एवढंच. म्हणजे खरं काम बाहेरच्या चकचकीत कवचापेक्षा त्या थराचं आहे, आणि तो एकदा चेपला की परत फुगत नाही. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बदलायचं ते यासाठी. हनुवटीचा पट्टा लावला नसेल तर हेल्मेट तुमच्या आधी पोचतं. आपल्याकडे आयएस ४१५१ हे मानक आहे, आयएसआय खूण बघून घ्या. फुटपाथवरची टोपी चलान वाचवेल, डोकं नाही.

सर्वसामान्यांसाठी ब्रिटनमध्ये हेल्मेट सक्ती झाली ती थेट १ जून १९७३ ला. केर्न्स १९५२ मध्येच कर्करोगाने गेले होते.