कोकराच्या श्वासातून गवसलेले औषध

प्रसूतीची वेळ आई ठरवते की पोटातील बाळ, हा ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधील प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स यांना पडलेला प्रश्न होता. उत्तरासाठी त्यांनी मेंढ्या निवडल्या. गर्भातील कोकराला स्टेरॉइड दिले की कळा लवकर सुरू होतात, हे त्यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. मात्र, त्यांतील एका कोकराने त्यांना चकित केले. इतक्या अपुऱ्या दिवसांचे कोकरू जगणे अशक्य; ते मात्र श्वास घेत होते. तपासणीत त्याच्या फुप्फुसांत हवा शिरल्याचे आढळले. औषधाने फुप्फुसे वेळेआधी परिपक्व झाली असावीत, हे लिगिन्स यांनी ताडले.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे उघडी ठेवणारा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक १९६३ मध्ये याच विकाराने ३९ तासांत दगावला होता. सत्ता आणि संपत्तीही तेथे हतबल ठरली.

न्यूझीलंडमधील थेम्स या छोट्या गावी १९२६ मध्ये जन्मलेले लिगिन्स मित्रपरिवारात 'माँट' म्हणून ओळखले जात. बालरोगतज्ज्ञ रॉस होवी यांच्यासह त्यांनी १९६९ च्या अखेरीस मातांवर चाचणी सुरू केली. काहींना बीटामेथॅसोनची इंजेक्शने, तर काहींना तुलनेसाठी दुसरे इंजेक्शन. १९७२ मध्ये २८२ मातांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अनपेक्षितपणे लवकर जन्मलेल्या बाळांतील सुरुवातीच्या दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आले होते.

औषध स्वस्त, परिणाम स्पष्ट. तरीही प्रसूतितज्ज्ञ बिचकले. बाळाच्या वाढीवर विपरीत परिणाम होण्याची धास्ती होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, पण तिची किंमत अनेक बाळांनी मोजली. अमेरिकेत या उपचाराची ठाम शिफारस व्हायला १९९४ साल उजाडले. ऑकलंडच्या चाचणीतील मुलांची तिशीपर्यंत पाहणी झाली, तेव्हा गंभीर अपाय आढळला नाही. भारतासह पाच देशांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत, याच गटातील डेक्सामेथॅसोननेही बाळांचे मृत्यू घटतात, हे २०२० मध्ये दिसून आले.

लिगिन्स यांना १९९१ मध्ये 'सर' किताब मिळाला. २०१० मध्ये ऑकलंड येथे त्यांचे निधन झाले. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात काही आडव्या रेघा आहेत. त्यांतील एक ऑकलंडच्या त्या चाचणीची आहे.